भंडाऱ्याची स्वतःची वेळ

४ जानेवारी १९८८, सोमवार
किराणावाल्याने फुकट दिलेली डायरी. कोरी ठेवणं पाप.
यांच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसला. एक मेन मशीन आणि तिला जोडलेले टीव्हीसारखे दोन डबे. तिला थंड हवेची खोली. त्या खोलीत चपला काढून जावं लागतं म्हणे. आमच्या देवघरात चपलेसकट डोकावणारा माणूस तिथे बरा काढतो.
एवढ्या लाखाच्या मशीनला वेळ मात्र कळत नाही. भर दुपारी बाराला रात्रीचा दीड दाखवते. कंपनीचा माणूस अमेरिकेची वेळ तशीच ठेवून निघून गेला. शिकलेले लोक!

५ जानेवारी
१३ तारखेला उद्घाटन. नागपूरचे मोठे साहेब येणार. तोवर मशीनची वेळ जो नीट करेल त्याला कॉम्प्युटर रूम, आणि दुसऱ्याची बदली थेट आडवळणाच्या दिघोरीला. दोघंच आहेत. एक हे, दुसरे शेजारच्या मंदाबाईचे पुंडलिकराव.
यांच्या नावावर लेट मार्क जास्त, म्हणून धाकधूक. लेट मार्क हा ऑफिसच्या घड्याळाचा दोष. आपलं भिंतीवरचं घड्याळ मी तीन वर्षांपूर्वीच भंडाऱ्याच्या खऱ्या वेळेला लावलं आहे. सगळ्या देशाची वेळ मिर्झापूरकडच्या रेषेवरून ठरते. आपण तिच्या पश्चिमेला, म्हणून सूर्य आपल्याकडे अकरा मिनिटं उशिरा. मॅट्रिकला भूगोलात एकाहत्तर मार्क होते मला. सूर्यनारायणाला कोणी लेट मार्क देतं का?
दिघोरीला जाणार नाही. मशीन मीच सरळ करणार. हात फक्त यांचे.

७ जानेवारी, संकष्टी
कंपनीच्या माणसाने फोनवर यांना सांगितलं, देशाच्या नावापुढे साडेपाच टाका. यांनी टाकलं. आता दुपारी बाराला रात्रीचा एक! होती त्याहून अर्धा तास मागे गेली. हे म्हणाले, "मशीनच येडी हाय वाटते बापा." मी म्हटलं, मशीनला कायले नावं ठेवता?
विचार केला. पंचांगात चंद्रोदय मुंबईचा असतो. आपण मुंबईच्या पूर्वेला, म्हणून दर संकष्टीला मी त्यातून सत्तावीस मिनिटं वजा करते. आजही आठ पंचावन्नला तुळशीपाशी उभी राहिले, चंद्र हजर. मंदाबाई नऊ बावीसपर्यंत उपाशी बसली. बसू दे.
म्हणजे नियम सोपा. पूर्वेला असाल तर वजा. हे साडेपाच तास ग्रिनिचपासून मोजलेले, आणि ग्रिनिचच्याही आपण पूर्वेलाच. साडेपाचच्या आधी वजाचं चिन्ह घाला म्हटलं. हे म्हणाले, "वजा केल्यावर टाइम अजून मागं नाही जाणार काय?" म्हटलं, तुम्हाला भूगोलात किती होते? चिन्ह लिहून घेतलं.

८ जानेवारी
बाराला बारा! मशीनच्या पुस्तकात तसंच छापलेलं निघालं, पूर्वेकडच्यांनी वजा लावावं. पुस्तक आता वाचतात! साहेबांनी यांची पाठ थोपटली. पाठ कोणाची थोपटायला हवी होती ते गणराय जाणतो. गूळ-खोबऱ्याचा नैवेद्य दाखवला. मंदाबाईला मुद्दाम वाटीभर नेऊन दिला. म्हणाली, "तुमचं डोकं भारीच हो बाई." आवाजात गोडी नव्हती.

१० जानेवारी, रविवार
पूजेत लक्ष लागेना. मशीन भंडाऱ्यात बसलेली, वीज खाते भंडाऱ्याची, आणि वेळ मिर्झापूरची. हे काय नीट झालं? साडेपाचऐवजी पाच तास एकोणीस मिनिटं हवीत. हे म्हणाले, "जमलं हाय तं काहून हात लावून राहिली? राहू दे ना वं." या वृत्तीमुळेच हे अठरा वर्षं एकाच खुर्चीवर आहेत.
रामरक्षा म्हणून कागदावर आकडा लिहून दिला.

११ जानेवारी
लावलं. कोणाच्या लक्षातही आलं नाही. त्या ऑफिसात कोणाचं कशात लक्ष असतं?

१३ जानेवारी, दुपारी
हे जेवले नाहीत. विचारून विचारून कळलं ते असं.
मोठे साहेब बरोब्बर अकराला मोटारीतून उतरले, फीत कापली. मशीनमधून पहिला कागद निघाला, 'उद्घाटन संपन्न', आणि वर वेळ दहा बावन्न. साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कागद पाहिला. म्हणाले, "मी यायच्या आधीच उरकून टाकलं की काय तुम्ही?" सगळे खो खो हसले. मग पुंडलिकराव पुढे झाले आणि दोन मिनिटांत साडेपाच करून दिलं. माझं वजाचं चिन्ह मात्र तसंच ठेवलं. चोर.
हे तर सांगू शकले असते, की भंडाऱ्यात तेव्हा अकरा वाजलेच नव्हते. साहेबच लवकर आले. पण बोलतील तर शपथ.

१५ जानेवारी
मंदाबाईकडे हळदीकुंकू. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "काय हो बाई, आता किती वाजले असतील तुमच्याकडे?" बाया पदर तोंडाला लावून हसल्या. तिळगूळ घेतला, खाल्ला नाही. घरी यांना दिला.

१८ जानेवारी
बदलीचा आदेश निघाला. त्याच मशीनवर छापलेला. कोपऱ्यात वेळ ४.३१. आपल्या घड्याळात तेव्हा चार वीस. म्हणजे आदेश वेळेआधीच काढलेला. असा आदेश धरायचा का, साहेबांना विचारून या म्हटलं. हे ट्रंक पुसत बसले.

२१ जानेवारी, बस स्टँड
दिघोरीकडची सातची गाडी. घरून अगदी वेळेवर निघालो. पोचलो तर गाडी गेलेली. ड्रायव्हर घाईचा. आता अकराची. म्हणजे नव्या ऑफिसात पहिल्याच दिवशी लेट मार्क.
ट्रंकेवर बसून लिहिते आहे. हे आपणहून उठले, एका कंडक्टरला वेळ विचारून आले. मग पिशवीतलं आपलं भिंतीवरचं घड्याळ मांडीवर घेतलं आणि काटा अकरा मिनिटं पुढे केला. मला न विचारता. अठरा वर्षांत पहिल्यांदा.
करू दे. दिघोरी भंडाऱ्याहून जरा पूर्वेला आहे, एका मिनिटाचा फरक पडतो. तिथे दहाच मिनिटं मागे लागतं. हे झोपले की काटा मागे घेईन.