बुरुजावरच्या पोरीचं पुढं काय झालं

औसा,
९ नोव्हेंबर

चि. वर्षाराणीस,
महानंदा आत्याचे पोटभर आशीर्वाद अन् शरणार्थ.

मी खुशाल हाय. गुडघा कुरकुरतो, पण चालवून घेते. कानाचं मशीन डबीत घालून ठेवलंय. घातलं की नुसती शिट्टी वाजते, अन् समोरचा माणूस माशासारखं तोंड हलवताना दिसतो. तू मोबाइलवर अंगठा अन् गुलाबाची फुलं पाठवतेस, त्याला बोलणं म्हणायचं का बाई? म्हणून हे पत्र. तू बी पत्रच लिही.

आता मुद्द्याचं. माझी पुस्तकं संपली. ती सात दारांच्या डोंगराची कादंबरी, आपण दोघी चटईवर पालथ्या पडून वाचायचो ती, पुन्हा वाचून काढली. तू पान उलटायची घाई करायचीस अन् मी तुझं मनगट धरून ठेवायची, आठवतंय का? आता चेटकीण दारामागून निघायच्या आधीच मी तिला म्हणते, ये बाई, बस. काही मजाच उरली न्हाई.

वाचनालयातल्या विनोदला म्हटलं, जादूचं, अद्भुत, नवं काहीतरी दे. त्यानं आधी लोणच्यांचं पुस्तक दिलं. ते परत केलं तर यशस्वी कसं व्हावं ते दिलं. मी म्हटलं, माझी साठी आली रे लेकरा, आता यशस्वी होऊन कुठं जाऊ? तो लई हसला. हसला हे दिसलं तरी.

तुझे आईबाप गेल्यापासून तू माझ्याजवळ वाढलीस. तू नोकरीला उमरीला गेलीस अन् घर गप्प झालं. घरात कुणी बोललं असतं तरी मला कुठं ऐकू आलं असतं म्हणा. पण पुस्तकातली माणसं मला ऐकू येतात गं. तीच संपली तर मी दिवसभर कुणाजवळ बसू? रडगाणं गाऊन न्हाई राहिले, हाय ते लिहिलं.

नांदेडला गेलीस तर बघ. माझ्या अटी तुला ठाऊकच हायत. राजपुत्र नको. आत नकाशा पायजे. अन् माणसं जेवली पायजेत. डोंगरामागं डोंगर चढतात अन् कुणी शिदोरी सोडत न्हाई, हे मला पटत न्हाई.

अंगावर दुखणं काढू नको. आत्याला पत्रातून धरून ऱ्हा.
तुझीच,
महानंदा आत्या


उमरी,
१८ नोव्हेंबर

तीर्थरूप आत्यास,
वर्षाराणीचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात मिळालं. शिपाई म्हणाला, मॅडम, पत्र कोण लिहितं हो आजकाल. मी म्हटलं, आमच्यात लिहितात.

रविवारी नांदेडला गेले. दुकानांत वरपासून खालपर्यंत स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. एका मालकानं विचारलं, कोणत्या पोस्टची तयारी करताय. मी म्हटलं, पोस्ट मिळाली, आता गोष्ट पाहिजे. पुस्तकाच्या दुकानात येऊन कांदे मागितल्यासारखं बघत राहिला माझ्याकडे.

पण आत्या, रद्दीवाल्याकडे एक सापडली! कव्हर नाही, सुरुवातीची पानं नाहीत, त्यामुळे नाव कळत नाही आणि लेखकही कळत नाही. पानं अशी कुरकुरीत झालीत की पोस्टात टाकली तर भुगा होईल. म्हणून मीच थोडी थोडी लिहून पाठवते. नकाशा फाटून गेलाय, माफ कर.

एक शहर आहे. तिथं एखाद्याचं नाव बरेच दिवस कुणी घेतलं नाही, तर ते पुसट होत जातं. आधी सावली विरळ होते, मग आरशातलं तोंड, आणि शेवटी त्या माणसाला स्वतःलाही नाव आठवत नाही. या शहराच्या उंच बुरुजावर एक पोर राहते. सकाळी उठून गावाला पाणी सोडायचं हे तिचं काम. खालून लोक ओरडतात, ए पाणीवाली, आमच्याकडं कमी आलं! नावानं कुणीच हाक मारत नाही. पाण्यावर एक राक्षस बसलेला आहे, तो प्रत्येक पाटामागं आपली टक्केवारी मागतो. पोर देत नाही, म्हणून तो तिच्याशी कुणाला बोलू देत नाही. संध्याकाळी ती बुरुजावर बसून चहात बिस्किट बुडवून खाते आणि खालच्या घरांतले दिवे बघते. तिची सावली आता गुडघ्यापर्यंतच पडते.

इथवर वाचून झालंय. माझं म्हणशील तर मी मजेत आहे. पंचायत समितीत पाणीपुरवठ्याचं काम अंगवळणी पडलं. खोली हवेशीर आहे. अजिबात काळजी करू नकोस.

गुडघ्याला तेल लाव. माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी,
वर्षाराणी


औसा,
२७ नोव्हेंबर

चि. वर्षाराणीस,
आत्याचे आशीर्वाद, शरणार्थ.

कादंबरी पोचली. उभ्या उभ्या एकदा वाचली, मग चहा टाकून बसून वाचली. चहा उतू गेला. लई दिवसांनी माझा चहा उतू गेला बघ!

राक्षस माणसं खातो, सोनं मागतो, हे मी वाचलेलं हाय. टक्केवारी मागणारा पहिल्यांदाच भेटला. अन् चहात बिस्किट! असो, जुनी प्रत हाय, असंल.

पण तुझा लेखक संसारातला दिसत न्हाई. पोरीला बुरुजावर बसवून नुसते दिवे बघायला लावतो, मेला. खाली घरं हायत ना? मग पोर वाटी घेऊन उतरत का न्हाई? विरजण मागायला जावं. विरजणाला कुणी न्हाई म्हणत न्हाई, जातपात बघत न्हाई, ओळख लागत न्हाई. दार उघडणारी बाई पयलं हेच विचारते, कुणाची गं तू, नाव काय तुझं? झालं की मग! नाव सांगावंच लागतं. अन् वाटी परत न्यायची ती रिकामी न्यायची न्हाई, चिमूटभर साखर का होईना, घालून न्यायची. मग ती वाटी दोन घरांत फिरतच ऱ्हाते. मी औशाला नवी नवरी म्हणून आले तेव्हा असंच केलं होतं.

राक्षसाला भिऊ नको म्हणावं तिला. टक्का देत न्हाई हे लई चांगलं करते. पण टक्का न देणाऱ्यानं एकटं बसू नये, त्याला चार माणसं लागतात. पुढच्या पानात लेखकाला हे सुचलं नसंल तर ते पान सोड अन् माझं वाच.

येळवसच्या सणाला ये. पालेभाज्यांची भज्जी अन् आंबील तुझ्याशिवाय घशाखाली उतरत न्हाई. सगळे शेतात जातील, तू माझ्याजवळ बस अन् कोण काय बोललं ते हातावर बोटानं लिहून दाखव, ल्हानपणी दाखवायचीस तशी.

वाट बघते. लोभ आटू देऊ नको.
तुझी,
महानंदा आत्या


उमरी,
१४ डिसेंबर

तीर्थरूप आत्यास,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. सांगायला इतकं आहे की कुठून सुरू करू!

आधी कादंबरी. तू म्हणालीस तेच निघालं. पोर वाटी घेऊन खाली उतरली. दार उघडणाऱ्या बाईनं नाव विचारलं, आणि पोरीला ते पटकन आठवेना. मग आठवलं, आणि इतक्या दिवसांनी स्वतःचं नाव तोंडातून निघाल्यावर तिला रडूच आलं. त्या बाईनं तिला चुलीपाशी बसवून जेवायला वाढलं.

आणि गंमत म्हणजे मीसुद्धा दहा-बारा दिवसांपूर्वी शेजारच्या बिलकीस भाभींकडे विरजणाला गेले होते. आत्या, काय माणसं आहेत! भाभींना आधी वाटलं मी पाणीपट्टीचं विचारायला आले. मग हसून हसून पुरेवाट. आता भिंतीवरून वर्षा, ओ वर्षा अशी हाक येते, आणि मी तव्यावरची पोळी टाकून पळते. त्यांची नणंद कहकशां माझ्याच वयाची आहे. तिनं मला खट्टी दाल शिकवली, मी तिला स्कूटर शिकवतेय. पाण्याच्या टाकीचा ठेकेदार परवा ऑफिसात आवाज चढवून बोलला, तर भाभींचे मिस्टर मोहियोद्दीनभाई दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातली माणसं घेऊन टाकीवर आले, आणि काम मोजून घेतलं. मला एकटीला बोलावं लागलं नाही.

येळवसला मात्र येणं होत नाही गं. इकडे त्या दिवशी सुट्टी नसते, आणि नेमकं त्याच संध्याकाळी कहकशांला बघायला पाहुणे येतायत. वाढायचं काम माझ्यावर टाकलंय. नाही म्हणवलं नाही.

कादंबरीची शेवटची पानं गहाळ आहेत. पण समजतंच की, पोरीची सावली परत आली आणि ती खाली राहायला आली. समाप्त. वेळ मिळाला की दुसरी शोधते.

घाईत आहे. लोभ आहेच, तो तसाच ठेव.
तुझी,
वर्षा


औसा,
२४ डिसेंबर

चि. वर्षाराणीस,
आत्याचे आशीर्वाद, शरणार्थ.

येळवस झाली. शिवप्रसाद भाऊजींच्या शेतात गेले होते. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी केली, आत पूजा झाली, चिंचेखाली पंगत बसली. सगळे हसले की मी बी हसायची, जरा मागून. कुणीतरी माझ्या ताटात भज्जीचा डोंगर केला. विचारलं असंल, अन् मी मान हलवली असंल.

कादंबरी तू लिहून राहिलीस हे मला टक्केवारीच्या राक्षसापाशीच कळलं होतं. चिडले न्हाई. मी सरळ लिहिलं असतं की पोरी, एकटी बसू नको, तर तू लिहिलं असतंस, मी मजेत आहे. तुला मी वाढवलंय, तुझी मजा मला ठाऊक हाय. म्हणून त्या पोरीच्या नावानं सांगितलं. तू ऐकलंस. भाभीनं भिंतीवरून हाक मारल्याचं वाचलं तेव्हा मी एकटीच टाळ्या वाजवल्या. येऊ न शकल्याचं मनाला लावून घेऊ नको. वाढायला थांबलीस ते बराबरच केलंस.

पण त्याच कागदावर खाली समाप्त लिहिलेलं. मी कागद उलटून पाठीमागं बघितलं. पुन्हा दुसऱ्या दिवशी बघितलं.

मग म्हटलं, दुसरा भाग आपणच लिहावा. जमत न्हाई तुझ्यासारखं. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक बाई राहते. तिचं नाव पुसलेलं न्हाई. लोक भले हायत, रोज नाव घेऊन हाक मारतात, दार वाजवतात. ते तिच्यापर्यंत पोचत न्हाई. उशिरानं दार उघडते तेव्हा उंबऱ्यावर झाकलेलं ताट असतं अन् गल्लीत कुणी नसतं. राक्षस आणावा म्हटलं, तर तो बिचारा ओरडून ओरडून थकंल अन् निघून जाईल.

इथं येऊन माझं लिहिणं अडलंय. त्या पोरीला काय सांगायचं ते मला लगेच सुचलं होतं, हिचं काही केल्या सुचत न्हाई. तू सुचव. मोठं लिहायला वेळ नसंल तर चार ओळी लिही, पण लवकर लिही वर्षा. हिला फार एकटं वाटतं गं, अन् समाप्त लिहायला माझा हात उठत न्हाई.

तुझ्या पत्रावर जगणारी,
महानंदा आत्या