छप्पन सालचं पान

११ ऑगस्ट १९९२
चोवीस पानं! टॅनर्स या आमच्या बेसबॉल टीमचा साठ वर्षांचा इतिहास चोवीस पानांच्या पुस्तिकेत, आणि तोही पंधरा दिवसांत! क्लबची मॅनेजर डेनिस म्हणाली, "ऑरिन, तुम्हीच लिहा. तुमच्याइतकं कुणी पाहिलंय?"
पाहिलंय, बाई. तिथंच तर गोची आहे.
सात सप्टेंबरला शेवटची मॅच. मैदान विकलंय. पुढच्या उन्हाळ्यात या गावात टीम नाही.

१३ ऑगस्ट
चामड्याच्या कारखान्यातल्या कामगारांनी टीम काढली, ते लिहिलं. अठ्ठेचाळीसचा पूर लिहिला — बाकं वाहून गेली तर लोक घरून खुर्च्या घेऊन मॅचला आले! लिहिताना मजा आली. छप्पन साल सोडून सत्तावन्नवर गेलो.

१४ ऑगस्ट
छप्पन अजून कोरंच.

१६ ऑगस्ट
चर्चनंतर आम्ही नेहमीसारखे डायनरमध्ये. वाढणाऱ्या बाईच्या हातून अंड्यांची प्लेट निसटली. सगळे एका सुरात ओरडले — "झाला एमिल!" लॉयड गार्बरही हसला. मीही हसलो. लाज वाटली.
कुणाच्या हातून काही पडलं की छत्तीस वर्षं हे गाव हेच म्हणतं. एमिल स्ट्राको कोण होता, हे निम्म्या लोकांना माहीतही नाही.
आता लिहूनच टाकतो, निदान इथे तरी. नऊच्या नऊ डावांत समोरच्या टीमला एकही हिट मिळू द्यायची नाही, याला नो-हिटर म्हणतात. फटका मारणारा आपल्या बळावर बेसवर पोचला तर ती हिट; बॉल अडवणाऱ्याच्या चुकीमुळे पोचला तर नाही. आमच्या क्लबची एकच — छप्पनची, तेव्हा आमच्याकडून बॉल टाकणाऱ्या लॉयडची. शेवटचा डाव, दोन बाद, तिसरा झाला की संपलं. मोठ्या क्लबचा माणूस लॉयडला हेरायला स्टँडमध्ये बसलेला. फटका बसला, बॉल अडवायला उभ्या एमिलकडे सरपटत गेला, खूप लांब. तो कसाबसा पोचला आणि बॉल त्याच्या हातून पडला. पण फटका मारून पळणारा तेव्हा बेसला टेकलाच होता! एमिलने नीट उचलला असता तरी तो बाद होत नव्हता. म्हणजे हिट. लहान पोरानेही सांगितलं असतं.
पण हिट की चूक, हे ठरवायचं मी. मी स्थानिक पेपरचा बातमीदार, आणि बातमीदार हाच अधिकृत स्कोअरर, अशी तेव्हाची पद्धत. बोर्डावरचा माणूस माझ्याकडे बघतोय, अख्खं स्टँड माझ्याकडे बघतंय. मी चोवीस वर्षांचा. मी मूठ वर केली — चूक, एमिलची.
पुढचा बाद झाला. लॉयडची नो-हिटर झाली, महिन्याभरात तो वर, मोठ्या क्लबात गेला. एमिलला दोन दिवसांत टीममधून काढून घरी पाठवलं.

१९ ऑगस्ट
डेनिसने एमिलला शोधून काढलंय! इंडियानात छपरं घालायची कामं करायचा, आता बसून असतो. शेवटच्या मॅचला बोलावलं. "काय म्हणाला?" मी विचारलं. "येतो म्हणाला. बस."

२० ऑगस्ट
झोप नाही.

२१ ऑगस्ट
बायकोला, अडेलाला सांगितलं. ती बटाटे सोलत होती, सुरी तशीच हातात.
"छत्तीस वर्षं एका घरात राहतोय आपण! आणि हे मला आज सांगतोस?"
"लिहू का?"
"लिहिलंस तर लॉयडकडे काय उरतं रे? बायको गेली. दुकान गेलं. त्या मॅचचा तो एक बॉल काचेच्या पेटीत ठेवून बसलाय."
"आणि एमिल?"
तिने बटाटे रागारागाने सोलले, निम्मे सालांबरोबरच गेले.

२४ ऑगस्ट
लॉयडकडे गेलो, सांगायचंच असं ठरवून. त्याने बिअर काढली. खूश होता. शेवटच्या मॅचचा मानाचा पहिला बॉल तोच टाकणार आहे.
"आणि एमिलला सगळ्यांसमोर मिठी मारणार," म्हणाला. "माइकवरून सांगणार, जा बाबा, माफ केलं तुला!"
माफ केलं! कुणी, कुणाला? माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की बिअर अर्धी टाकून उठलो. "काय रे, काय झालं?" करत तो दारापर्यंत आला. मी काहीतरी सबब सांगितली. भित्रा तो भित्राच मी.

२५ ऑगस्ट
लिहिलं. एका बैठकीत. "ती हिट होती. एमिल स्ट्राकोने चूक केली नाही. चूक मी केली." खाली सही.

२६ ऑगस्ट
डेनिसने वाचलं. मग — "नक्की?" नक्की, म्हणालो.

१ सप्टेंबर
दीड हजार प्रती छापून आल्या. शाईचा वास सगळ्या घरभर. आता माघार नाही. लॉयडला आधी जाऊन सांगायला हवं. उद्या जातो.

२ सप्टेंबर
गेलो नाही.

५ सप्टेंबर
आजही नाही. अडेला बोलत नाहीये माझ्याशी.

७ सप्टेंबर
पुस्तिका फाटकावर वाटल्या. लॉयड नवी टोपी घालून आला होता. बाकावर बसून पानं उलटत होता, हसत होता — अठ्ठेचाळीसच्या पुराला असेल. मग थांबला. मला वर स्टँडमधून दिसत होतं. तेच पान त्याने दोनदा वाचलं. उठला, टाकायला दिलेला बॉल बाकावर ठेवला आणि फाटकातून निघून गेला. पहिला बॉल डेनिसने टाकला.
कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागून एकजण म्हणाला, "शेवटच्या दिवशी हेच सुचलं का रे तुला?" आम्ही हरलो, सहा-एक. एमिल कुठे दिसला नाही.
पण खरं ते सांगितलं. एका माणसाच्या डोक्यावरचं ओझं तरी उतरलं. एवढ्यावर झोपतो.

८ सप्टेंबर
सकाळी एमिल दारात. हातात पुस्तिका. ये म्हटलं तर आत आला नाही.
"बॉल माझ्या हातात नीट आला होता, गाढवा! पळणारा पोचलाच होता; धरून ठेवला असता तर हिट लागत होती, पाडला तर चूक माझी, म्हणून मी सोडला. मुद्दाम. पोरगं वीस वर्षांचं, त्याला वर जायचं होतं. मी सत्तावीसचा, मला कोण नेणार होतं? मी वर बघितलं, तू मूठ उचललीस. मला वाटलं, तुला कळलंय. छत्तीस वर्षं मी तोंड उघडलं नाही. तुला कुणी सांगितलं होतं उघडायला?"
मग लॉयडचं घर विचारलं. मी सांगितलं.
दुपार झाली. अडेला बघून आली — एमिल अजून पायरीवर बसलाय, लॉयड दार उघडत नाहीये.