‘कबुतरखान्यातला खून’ आणि माझं व्याख्यान

३ ऑक्टोबर, सोमवार
आमच्या रहस्यकथा मंडळाचं वार्षिक व्याख्यान यंदा माझं! विषय: ‘कबुतरखान्यातला खून’, कादंबरी आणि तिच्यावरचे दोन सिनेमे. व्याख्यान रंगलं की अध्यक्षपद माझंच, असं चिटणीस हेस्टरबाई स्वतः म्हणाल्या. वर म्हणाल्या, टान्सली, ती कादंबरी कोळून प्यालेला माणूस गावात तुम्हीच. मी नुसता हसलो. खरं तर एकदाही वाचलेली नाही. मंडळात खुन्याचं नाव घ्यायचं नाही असा नियम, म्हणून आजवर निभावलं. ‘शेवट मात्र अफलातून’ म्हटलं की भागतं.
उद्यापासून वाचन. संकल्प पक्का.

५ ऑक्टोबर, बुधवार
पहिलं प्रकरण काढलं. नुसती कबुतरं. डोळे चुरचुरले. चष्म्याचा नंबर वाढला असणार. आधी सिनेमे बघणं जास्त शास्त्रशुद्ध. जुना ब्लॅक अँड व्हाइट पाहिला. खुनी डॉक्टर!

९ ऑक्टोबर, रविवार
आज वाचणारच होतो. पण ऊन पडलं, आणि इंग्लंडात, त्यातून डेव्हनमध्ये, ऑक्टोबरात ऊन असताना घरात बसणं म्हणजे पाप. संध्याकाळी नवा रंगीत सिनेमा. त्यातही डॉक्टरच. दोन दोन दिग्दर्शक एकच सांगतायत, मग पुस्तकात वेगळं काय असणार? उगाच वाचून मत कलुषित कशाला करा.

१४ ऑक्टोबर, शुक्रवार, रात्री
जिंकलो! खुन्याचं नाव वर्षातून याच एका दिवशी घेता येतं. न वाचलेल्यांना आधी हॉलच्या स्वयंपाकघरात बिस्किटं देऊन बसवतात. हेस्टरबाईंनी विचारलं, न वाचलेलं कुणी उरलंय का? मीही सगळ्यांवर कडक नजर फिरवली. मग ठणकावून सांगितलं, सिनेमावाल्यांनी पुस्तकाची पार वाट लावली, पण खुनी डॉक्टर तेवढा इमानदारीनं तोच ठेवला! सगळे चिडीचूप. भारावले असणार. नंतर जो तो येऊन म्हणाला, फारच वेगळा विचार मांडलात हो. पाद्रीबाबा तर दोनदा म्हणाले. अध्यक्षपद खिशात.

१५ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी हेस्टरबाई आल्या. चहा नको म्हणाल्या. म्हणाल्या, अहो, पुस्तकातला डॉक्टर तिसऱ्याच प्रकरणात मरतो! मी म्हणालो, तुमची आवृत्ती वेगळी असेल. त्या दाराकडे वळल्या. मग म्हणाल्या, मी गावभर तुमचं कौतुक करत फिरले, माझं नाक कापलंत. मला मान वर करवेना. लाज वाटली. खरंच वाटली.

२२ ऑक्टोबर, शनिवार
अध्यक्ष पाद्रीबाबा झाले. माझं नावसुद्धा निघालं नाही. रस्त्यात सगळे भेटतात, हवापाण्याचं बोलतात, व्याख्यानाबद्दल चकार शब्द नाही. कुणीतरी चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. हेस्टरबाई पलीकडच्या फुटपाथवरून जातात.

२६ ऑक्टोबर, बुधवार
काल वाचायला बसलो, ते आज दुपारी संपवूनच उठलो. बाप रे! तो खुनी असेल असं स्वप्नातही आलं नव्हतं. आणि काय लिहिलंय! कबुतरांचं वर्णनसुद्धा उगाच नाही. कधी एकदा कुणाला सांगतो असं झालं. कोट चढवला, तडक हेस्टरबाईंच्या दारात. बेलवर बोट ठेवलं आणि सुचेना, आत जाऊन म्हणायचं काय? की मी आत्ताच पहिल्यांदा वाचली? बेल न वाजवता परत आलो.