दार केव्हा उघडायचं

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझी तब्येत कशी आहे हे आधी विचारून घेते, कारण पुढचं वाचून तू इतकी चिडशील की ते लिहायचं विसरशील. मी कुत्रं पाळलंय. तीन महिन्यांचं पिल्लू आहे, पिवळसर, एक कान उभा आणि एक आडवा. आल्या आल्या माझ्या कोटाची गुंडी तोडून चघळत बसला, म्हणून नाव गुंड्या. फोनवर सांगितलं असतं, पण तुला ऐकू येत नाही, आणि कानाचं यंत्र तू कपाटात कोंडून ठेवलंयस. म्हणून हे पत्र.

कशाला पाळलंस, म्हणशील. दिवसभर मी चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत काचा घासते. तिथे सोबतीला मशीन आणि धूळ. संध्याकाळी कुलूप उघडलं की सकाळी टाकलेला टॉवेल तसाच खुर्चीवर. आत्या, कुणीतरी आपली वाट पाहिलेली असावी, असं फार वाटायला लागलं होतं.

आता अडचण ऐक. मी कामावर गेले की हा विजेच्या वायरी कुरतडतो. म्हणून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी पिंजरा घ्यायला लावला. मी नसताना त्यानं त्यात राहायचं, दुपारच्या सुट्टीत मी येऊन त्याला फिरवून आणायचं. पण आत गेला की तो असा गळा काढतो की विचारू नकोस. खाली घरमालकीणबाई राहतात, त्यांचे यजमान रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. बाई वर येऊन शांतपणे सांगून गेल्या की महिनाअखेरपर्यंत हे थांबलं नाही तर कुत्रं ठेवता येणार नाही. त्यांचंही काही चुकत नाही. लाकडाच्या वखारीवाला त्याला न्यायला एका पायावर तयार आहे, पण तो दिवसभर साखळीला बांधून ठेवणार.

रागाव हवी तेवढी, पण माया पातळ करू नकोस, ही विनंती.

तुझी,
ठकी


७ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तब्येत ठणठणीत. घे, विसरले नाही.

अगं, लेकरू घरी आणायचं आणि त्याला गजाआड टाकायचं? त्यानं गुन्हा काय केला, तर एक गुंडी खाल्ली! तू आई-बापावेगळी माझ्याकडे आलीस तेव्हा माझी अख्खी कात्रीपेटी विहिरीत टाकली होतीस. मी तुला कोंडलं होतं का? मी तुझं पत्र शेजारच्या गवंड्याला वाचून दाखवलं, मनात म्हटलं, हाही दोन शब्द सुनावेल. त्याच्याकडे दोन कुत्री आहेत. तर तो माझ्याच अंगावर आला. म्हणाला, मावशी, अख्खं घर मोकळं असलं तरी माझी कुत्री पलंगाखालीच जाऊन झोपतात, चहूकडून झाकलेली जागा त्यांना आवडते. असं त्यानं माझ्या कानाशी तीनदा ओरडून सांगितलं, तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

तर आता पिंजऱ्याचं माप पाठव. लांबी, रुंदी, उंची, आणि दार कुठल्या बाजूला उघडतं ते. जाड सुती कापडाचं आवरण शिवते. तीन बाजू बंद, दारावर पडदा, खाली वारा जाईल एवढी फट. अंदाजानं लिहू नकोस, टेप लाव. तुझ्या अंदाजानं शिवलेला एक फ्रॉक अजून माझ्याकडे पडून आहे, तो कुणालाच बसत नाही.

यंत्राबद्दल टोमणा मारलास तो पोचला. ते घातलं की शिलाई मशीन डोक्यातच चालतंय असं वाटतं. आणि खरं सांगू? तू नोकरीला गेल्यापासून या घरात ऐकण्यासारखं आहे तरी काय! भांडी पडलेली मला दिसतात.

वेळेवर जेव. त्या पोरालाही जेवू घाल.

तुझी,
आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

आवरण मिळालं. इतकं नेमकं बसलं की घरमालकीणबाईंनीही हात लावून शिलाई पाहिली. गुंड्यानं आत जाऊन तीन गिरक्या घेतल्या आणि आडवा झाला. दार उघडं असेल तर तो आता आपणहून जातो, जेवतोही तिथेच. दाराची कडी लागली की मात्र जगबुडी.

चूक माझीच आहे गं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की खाणं, पाणी, शी-शू सगळं झालेलं असेल तर रडत असताना दार उघडायचं नाही. क्षणभर का होईना, गप्प झाला की लगेच उघडायचं आणि शाबासकी द्यायची. आधी थोडा वेळ, मग वाढवत न्यायचं. मी काय करते? कुलूप लावून जिन्यात उभी राहते. तो रडायला लागला की चार पायऱ्या उतरते, दोन चढते, आणि शेवटी आत जाऊन त्याला मांडीवर घेते. आता त्याला पक्कं कळलंय की रडलं की दार उघडतं. दुकानाचे मालक घड्याळाकडे बघून खोकतात. काल मी एका आजोबांच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली. घरमालकीणबाई परवा पुन्हा येऊन गेल्या. वखारीवाल्यानं नवी साखळीसुद्धा आणलीय म्हणे.

आत्या, रागावणार नसशील तर एक मागते. दुकानातून मला रजा मिळत नाही. तू आठवडाभर येशील? तुला त्याचं रडणं ऐकूच येणार नाही. जे माझ्याच्यानं होत नाही ते तुला सहज जमेल. लिहिताना लाज वाटतेय, पण दुसरा उपाय सुचत नाही. त्याला साखळीला बांधलेलं मला बघवणार नाही.

उत्तराची वाट पाहते. नाही म्हणालीस तरी तुझीच.

ठकी


१८ फेब्रुवारी

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

माझ्या बहिरेपणाला आजवर कुणी कवडीची किंमत दिली नव्हती. तू तर आमंत्रणच धाडलंस. पत्र वाचून आधी हसले, मग जराशी रुसले, मग पिशवी भरायला घेतली.

शनिवारी येते. हातमशीन बरोबर आणतेय, कारण शाळेच्या गणवेशांचं काम अंगावर आहे आणि शाळा माझ्यासाठी थांबणार नाही. माझ्या अटी ऐक. सकाळी तू निघालीस की निघालीस. जिन्यात रेंगाळायचं नाही, दुपारच्या सुट्टीआधी फिरकायचं नाही. त्याच्या खाण्यापिण्याचं मला काय ते नीट समजावून सांग, बाकी माझ्यावर सोड. आणि मला खाट नको, सतरंजी बरी.

तोवर धीर धर. वखारीवाल्याला हो म्हणू नकोस.

तुझी,
आत्या


३ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलीस ना? तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी मालकीणबाई वर आल्या. त्यांनी विचारलं, कुत्रं शेवटी दिलंस वाटतं? मी पडदा वर करून दाखवला. हा पठ्ठ्या चारही पाय वर करून घोरत होता. बाई खुदकन हसल्या आणि म्हणाल्या, असाच राहणार असेल तर राहू दे. आत्या, राहू दे म्हणाल्या! मी वखारीवाल्याला लगेच नाही सांगून आले. तो म्हणाला, साखळी वाया गेली. मी म्हटलं, जाऊ दे.

आता सकाळी बिस्किटाचा तुकडा आत टाकला की हा शेपूट हलवत मागोमाग जातो. कडी लावली की एकदा कुरकुरतो, नुसतं म्हणायचं म्हणून, आणि झोपतो. हे सगळं तू केलंस. पहिल्या दिवशी दुपारी मी धावत आले तर तू पिंजऱ्याकडे पाठ करून मशीन चालवत होतीस, पडदा खाली, आणि आत हा गाढ झोपलेला. तुझ्या चेहऱ्यावरची रेघ हललेली नव्हती. मला तुझा हेवा वाटला. काही ऐकू न येण्याचा असा उपयोग होईल असं कुणाला वाटलं होतं!

घर मात्र परत मोठं झालंय. गुंड्या तुझ्या सतरंजीच्या जागी जाऊन हुंगतो. मीही तिथेच चहा पिते.

तुझे उपकार फिटायचे नाहीत, ते तसेच राहू देत.

तुझी,
ठकी


७ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद. गुंड्यालाही.

राहू दे म्हणाल्या, हे वाचून मी गवंड्याच्या घरी गूळ न्यायच्या घाईत चपला उलट्या घालून गेले. फार बरं झालं गं. जीव टांगणीला लागला होता माझा.

पण एक गोष्ट तुला सांगायला हवी. अगं शहाणे, दुसऱ्यांच्या डोळ्यांना काचा बसवतेस आणि तुला एवढं दिसलं नाही? पडदा खाली, माझी पाठ पिंजऱ्याकडे. मग तो गप्प कधी झाला ते मला कसं कळणार? आणि ते कळलं नाही तर दार उघडायचं कधी?

यंत्र आणलं होतं मी. तू दाराबाहेर पडलीस की कानात घालत होते आणि तू परतून दाराशी पोचलीस की पदरात लपवून मशीन फिरवायला घेत होते. आठवडाभर मी त्याचं सगळं रडणं ऐकलं, ठके. तू चार पायऱ्यांवरून ऐकायचीस, मी चार हातांवरून. पहिल्या दिवशी दोन गणवेशांच्या कॉलरी उलट्या लावल्या. तीनदा उठून कडीला हात घातला आणि परत येऊन बसले. डोळ्यांत पाणी आलं की सुईत दोरा ओवायचं सोंग करायची, बघायला कुणी नसतानाही. मग एकदा तो थांबला. श्वास लागलेला तेवढा ऐकू आला. अशी धावले म्हणून सांगू! दार उघडलं, त्याला पोटाशी धरलं आणि शाबास शाबास म्हणत दोघंही जमिनीवर बसून राहिलो. पुढचं मग सोपं होत गेलं.

तुला सांगितलं नाही, कारण मी ऐकतेय हे कळलं असतं तर तू कामावर गेलीच नसतीस. माझ्यासाठी रडत जिन्यात बसली असतीस.

आणखी एक ऐकलं. दुपारी तू खालच्या दारापासूनच त्याच्याशी बडबडत वर येतेस. आले रे सोन्या, आले रे राजा, करत. तुझा आवाज किती वर्षांत मला असा नीट ऐकू आला नव्हता. जाडसर झालाय, अगदी तुझ्या बापासारखा. मी मशीन थांबवून बसायची. जिना संपू नये असं वाटायचं.

आता यंत्र कानातच असतं. शिलाई मशीनचा त्रास होतो, होऊ दे. रविवारी फोन कर. ओरडू नकोस, नेहमीसारखं बोल.

तुझी,
आत्या