राहून गेलेली पाठ

बाबा, तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि आज मला तुमचा, तुमच्या खाणीचा आणि तिथल्या एकूण एक माणसाचा राग आलाय.

मी आता जर्मनीत असते, कायझर्सलाउटर्नच्या एका संशोधन संस्थेत. रविवारी तुमच्या नातीला घेऊन तासाभरावरच्या दरीतल्या एका गावी गेले. कोळशाचं गाव. खाण कधीच बंद झाली, पण गावाने तिला मरू दिलेलं नाही. कामगारांच्या घरांना नवा रंग आहे, त्यांचं गायनमंडळ अजून दर आठवड्याला तालीम करतं, आणि बेकरीतली बाईसुद्धा खाणीतलं ‘ग्लुक आउफ’ म्हणून नमस्कार करते. आपली कॉलनी मात्र खाणीनेच गिळली. तिथे आता नुसता खड्डा आहे. माझं डोकं तिथूनच तापायला लागलं होतं.

खाण दाखवायला एक म्हातारे निवृत्त कामगार होते. ते आम्हाला आंघोळीच्या हॉलमध्ये घेऊन गेले. छताला साखळ्यांवर कपडे टांगलेले, खाली पांढऱ्या फरश्या. ते म्हणाले, "आपला हात आपल्या पाठीला पोचत नाही. म्हणून ओळीत उभं राहायचं आणि पुढच्याची पाठ घासायची. तो इटालियन असो की तुर्क, कुणी विचारायचं नाही. काळी पाठ घेऊन इथून कुणी घरी गेला नाही." खरं किती, ते त्यांनाच ठाऊक. पण मी जागीच उभी राहिले.

कारण खाणीवर आंघोळ करूनही तुम्ही रोज काळी पाठ घेऊन येत होता. हात, तोंड, मान स्वच्छ, आणि बनियन काढलं की पाठ काळीकुट्ट. आई मोरीत वाळक्या घोसाळ्याने ती घासते आहे आणि चिडून विचारते आहे, "रोज तुमच्याच टायमाला कसं सरते हो पाणी?" तुम्ही म्हणता, "सरते, त्याले मी काय करू? पाठ राहून गेली." शेजारचे काका त्याच ड्यूटीवरून येत. त्यांची पाठ लख्ख असे.

सातवीत मला बक्षीस मिळालं, त्या दिवशी तुम्ही ड्यूटी संपवून थेट शाळेत आलात, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. घामाने त्याच्या पाठीवर काळा डाग फुटला. मागच्या मुली हसल्या. घरी येताना मी तुम्हाला फाडकन म्हटलं, "नीट आंघोळ करून यायचं, एवढंही कळत नाही का?" तुम्ही म्हणालात, "राहून गेलं बाई." त्यानंतर तुम्ही माझ्या शाळेत कधीच आला नाहीत.

रविवारी घरी आल्याबरोबर आईला फोन केला. ती शांतपणे म्हणाली, "पाणी कायचं सरते! टोळीत आपल्या जातीचे ते एकटेच. त्यांच्या पाठीले कोण हात लावन? मले मालूम होतं. कवातरी खरं बोलतील म्हणून तर रोज इचारत होती."

म्हणजे तुम्ही रोज खोटं बोललात. का? मला सांगितलं असतं तर मी त्या माणसांवर चिडले असते, तुमच्यावर नाही. तुमच्या शोकसभेत तेच लोक माईकवर म्हणाले, "खाणीत आम्ही सगळे भाऊ-भाऊ होतो." आणि मी त्यांना हात जोडले, चहा दिला! आठवलं की अंगाची लाही होते.

एक सांगायचं टाळत होते. त्या हॉलमध्ये मी म्हाताऱ्यांना सांगितलं होतं की माझे वडीलही खाणीत होते. ते खूश होऊन म्हणाले, "मग तिकडेही असंच असणार!" तुमच्या नातीने माझ्याकडे पाहिलं. "ओपा आउख?" आजोबांचंही?

मी म्हटलं, "या, गेनाऊ. हो, अगदी. आजोबांची पाठसुद्धा रोज कुणीतरी घासून द्यायचं."

हे पत्र टेबलावरच राहणार आहे. तिला मराठी वाचता येत नाही, आणि आज पहिल्यांदाच मला त्याचं बरं वाटलं.