नागडं मत

३ ऑक्टोबर, मंगळवार

आणखी चार वर्षं! एमिल म्हणाला, मत त्यालाच देणार. आणि पावाला लोणी लावत राहिला.

मला वाटलं होतं, यंदा तरी नाही. गेल्या वेळी दिलं, ठीक आहे. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदाला पहिल्यांदाच उभा असलेला तो माणूस आमच्या गावात आला होता, आगीच्या बंबखान्याच्या हॉलमध्ये. एमिलचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, तुमच्यासारख्यांनीच हा देश उभा केला. बत्तीस वर्षं कोळशाचा ट्रक चालवलेल्या माणसाला असं कधी कुणी म्हटलं नव्हतं. फोरमननं नाही, पाद्रीबाबांनी नाही, मी तर नाहीच. त्या एका हात मिळवण्यावर एमिल चार वर्षं जगतोय.

पण कोरीनचं माहीत असून? आपल्या पोरीचं? मार्चमध्ये तिची नोकरी गेली. आता ती ज्या सरकारी विम्यावर आहे, तो विमाच गुंडाळणार असं हा माणूस सभेसभेतून सांगत सुटलाय — पुन्हा निवडून आलो की पहिल्याच दिवशी! तिचं सांध्यांचं इंजेक्शन विम्याशिवाय घेणं आम्हाला सात जन्मांत जमणार नाही. आणि इंजेक्शन चुकलं की तिला चहाचा कपसुद्धा उचलता येत नाही. चाळीस वर्षांची पोर.

"नुसतं बोलतो तो," एमिल म्हणाला. "करणार काही नाही."

त्या माणसाचं नाव मी या वहीत लिहिणार नाही. तेवढं तरी माझ्या हातात आहे.

४ ऑक्टोबर

एमिलनं अंगणात त्याची पाटी ठोकली. माझ्या शेवंतीत!

७ ऑक्टोबर, शनिवार

कोरीनचा फोन. म्हणाली, फ्रिजमध्ये तीन इंजेक्शनं आहेत, पुढची विम्यावर मिळतील तोवर मिळतील. मग हळूच विचारलं, बाबा अजून त्याच्याच बाजूनं का. मी म्हटलं, इकडे थंडी पडायला लागली. ती समजली. तिकडे अ‍ॅलनटाउनमध्येही पडली म्हणाली.

१० ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी चर्चच्या तळघरात विक्रीसाठी पिरोगी करायला. अकरा बायका, नव्वद डझन. मी नेहमीप्रमाणे कडा चिमटायला. बटाट्याचं सारण भरलं की कड अशी दाबायची की उकळत्या पाण्यात पोट फुटता कामा नये. माझी एकही कधी फुटत नाही, हे सगळं गाव जाणतं. टेबलाचा नियम एकच — इथे राजकारण नाही. जी बोलेल तिनं भांडी घासायची.

बर्नाडीन तरी बोललीच. ती माझी पहिलीपासूनची मैत्रीण, आणि मतदानाच्या दिवशी बंबखान्यात मतदारांची वही घेऊन तीच बसते. म्हणाली, हे राजकारण नाही, नियम सांगतेय. टपालानं मत देणारीला दोन पाकिटं मिळतात. मतपत्रिका आधी आतल्या पिवळ्या पाकिटात घालायची, मग ते पाकीट बाहेरच्या, सहीच्या पाकिटात. आतलं विसरलात की मतपत्रिका नागडी. खरंच, कचेरीत तिला हेच म्हणतात! आणि नागडी मोजत नाहीत. बाजूला काढतात, संपलं.

"तेव्हा बायांनो, पाठवाल तर कपडे घालून पाठवा," बर्नाडीन म्हणाली.

हसून हसून सगळ्यांचे हात थांबले. मी म्हटलं, एवढं साधं विसरेल कोण? डोकं ताळ्यावर नसलेली बाईच विसरेल.

जेवताना एमिलला सांगितलं. तोही हसला. आठवड्यात पहिल्यांदा. मग पत्ते काढले, दोघांतलं पिनॉकल. गुण विजेच्या बिलाच्या पाकिटामागे. कोरा कागद घ्यायचा म्हटलं की या माणसाच्या जिवावर येतं. एकेक पाकीट भरेपर्यंत पुरवतो.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

आज भांडलो. इतकं की शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली.

शेवटी दमलो तेव्हा तो म्हणाला, कशाला घसा फोडतेस, तुझं एक तिकडे, माझं एक इकडे — उरलं काय? मी चिडून म्हटलं, मग दोघंही घरी बसू या. मी आपलं तोंडाला आलं ते बोलले. पण एमिलनं ते मनावर घेतलं. डोकं खाजवलं. मग टेबलावरून हात पुढे केला.

"ठरलं," तो म्हणाला. "तू नाही, मी नाही."

मी हात मिळवला. काय करणार! हिशेबाला तर ते बरोबरच होतं. मग त्यानं बाहेर जाऊन शेवंतीतली पाटी स्वतःच उपटली आणि गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवली.

१३ ऑक्टोबर

घर किती शांत. एमिलनं कोबीचे रोल केले. मीठ जास्त, पण छान.

१५ ऑक्टोबर, रविवार

टीव्हीवर त्या माणसाची सभा. मी बघणार नव्हते. विम्याचं पुन्हा तेच, पहिल्याच दिवशी. मग थांबला, हसला आणि म्हणाला, पुढची चार वर्षं तर झालीच समजा — पण चारवरच का थांबायचं?

आणि लोक उठून उभे राहिले! टाळ्या! माझ्याएवढ्या बायका, कडेवर लेकरं घेतलेल्या बायका, खुर्च्यांवर चढून टाळ्या वाजवत होत्या. माझ्या हातात सुपाचा डाव तसाच. खाली सांडतंय हेही कळलं नाही. शाळेत आम्हाला शिकवलं होतं, राष्ट्राध्यक्ष दोनदा, बस्स. मला वाटायचं, ते सूर्य उगवण्याइतकं पक्कं आहे. आणि ही माणसं टाळ्या वाजवतायत.

एमिल हसला. गंमत करतोय म्हणाला. मी त्याच्याकडे पाहत राहिले. सेहेचाळीस वर्षं या माणसाच्या शेजारी झोपतेय मी, आणि त्याला ती गंमत वाटली.

१६ ऑक्टोबर, सोमवार

एमिलला म्हटलं, दाताच्या डॉक्टरकडे जाऊन येते. आणि जिल्ह्याच्या कचेरीत गेले. अर्ज भरला, खिडकीतल्या बाईनं तिथेच हातात दिलं सगळं — मतपत्रिका, पिवळं पाकीट, सहीचं पाकीट. तिथे बसून खुणा करता आल्या असत्या. पण मागे रांग खोळंबली होती. म्हटलं घरी नेऊ, सावकाश, नीट करू.

सेहेचाळीस वर्षांत नवऱ्याशी बोललेलं पहिलं खोटं. नाही, दुसरं. पहिलं त्याच्या आईच्या हातच्या सुपाबद्दल होतं.

सगळं न्हाणीघरातल्या टॉवेलांच्या चळतीत लपवलंय. चोरासारखं वाटतं. पण कोरीनचे हात डोळ्यांपुढे येतात, आणि मग नाही वाटत.

१८ ऑक्टोबर, बुधवार

झालं! एमिल अंगणात पानं गोळा करत होता. मी टॉवेलांत हात घातला, हाताला लागलं ते घेऊन तळघरात गेले, कपडे वाळवायच्या मशीनवर ठेवून काळ्या पेनानं गोल भरले. एकही रेघ बाहेर नाही. तेवढ्यात मागचं दार वाजलं. घाईघाईनं पाकीट बंद, सही, तारीख, कोटाच्या आत. तो वरून विचारतोय, स्टेशा, तिथे काय करतेस? म्हटलं, तुझे मोजे शोधतेय.

टपालकचेरीत स्वतः देऊन आले. येताना पाय इतके हलके! शब्द मोडला, हे खरं. पण त्याचं मत घरी बसणार आणि माझं मोजलं जाणार. कोरीनसाठी एक. एकच, पण एक.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

पत्ते. सलग तीन डाव हरले. एमिल कालपासून गप्प आहे, बहुतेक गुडघा दुखत असावा. मध्येच विचारलं, दाताचं काय झालं? म्हटलं, बरं आहे आता. त्यानं मान हलवली आणि गुण लिहिले.

२६ ऑक्टोबर

कोरीनचं एक इंजेक्शन उरलं. बोटं सुजलीत, फोन टेबलावर ठेवून बोलते. एमिलनं फोन घेतला आणि कितीतरी वेळ तिच्या गाडीच्या बॅटरीबद्दल बोलला. जे बोलायचं ते बोलता येत नसलं की हा बॅटरीबद्दल बोलतो.

७ नोव्हेंबर, मंगळवार. मतदान



दहा वाजता एमिल टोपी घालून बाहेर पडला. कुठे, सांगितलं नाही. पाऊण तासानं आला तो हातात तेलाचे डाग पडलेली कागदी पिशवी घेऊन. ब्लीनी! किसलेल्या बटाट्याच्या कुरकुरीत ब्लीनी या गावात मतदानाच्या दिवशी एकाच ठिकाणी मिळतात — बंबखान्यात, मतपेटीपासून दहा पावलांवर.

म्हणजे गेला! शब्द देऊन, हात मिळवून, पाटी उपटून — गेला! अंगाचा नुसता जाळ झाला माझा. मग आठवलं, रागवायचा हक्क मला कुठला. आणि मग, लिहूनच टाकते, बरं वाटलं. तोही खोटा, मीही खोटी. फिट्टंफाट.

त्यानं बशीत चार ब्लीनी काढून माझ्यासमोर ठेवल्या. "गरम आहेत," म्हणाला. मी खाल्ल्या. चारही.

८ नोव्हेंबर

मोजणी चालू. आमच्या राज्यात टपालाची पाकिटं अजून फोडतायत. माझंही त्यांत असेल. टीव्हीवरचा तो आकडा हलला की वाटतं, हे माझं होतं की काय!

१० नोव्हेंबर, शुक्रवार

जिंकला. आमचं राज्यही त्याच्याकडे गेलं, केसभर फरकानं.

मी सकाळपासून स्वयंपाकघरात नुसती उभी आहे. एवढे दिवस भीती वाटत होती, तरी आत कुठेतरी वाटायचं की असं होणार नाही. झालं. कोरीनला फोन केला. म्हणाली, आई, मी रडत नाहीये, नाक चोंदलंय.

एमिलनं टीव्ही बंद केला. मला वाटलं होतं, नाचेल. तो खाली जाऊन घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा पंखा दुरुस्त करत बसला, आणि तो पंखा मुळात बिघडलेलाच नव्हता.

१४ नोव्हेंबर, मंगळवार

पिरोगी. टेबलावर इतकी शांतता की पीठ दाबल्याचा आवाज यावा. माझ्या दोन फुटल्या. 

बर्नाडीननं मला कोपऱ्यात ओढलं. म्हणाली, एमिलला सांग, ब्लीनीचं भांडं परत केलं नाही तरी चालेल. मी म्हटलं, त्यानं पिशवीतून आणल्या, भांडं कसलं? तर हे तिचं निमित्त होतं. मग खरं बोलली.

मतदानाच्या दिवशी एमिल आला, ब्लीनी घेतल्या, आणि तिच्या टेबलासमोर उभा राहिला. तिनं वही उघडली, पेन पुढे केलं.

"तो म्हणाला, यंदा नाही, बर्नाडीन. घरी शब्द दिलाय. आणि गेला." मग ती खाली बघत म्हणाली, "तुझं नाव त्याच्याच खाली आहे, स्टेशा. पुढे टपालाचा शिक्का. त्याला दिसू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला होता."

मी आपणहून भांडी घासायला गेले. सगळी. गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. मी काय केलं हे! ब्लीनी खाताना मनात काय काय म्हटलं त्याला!

एकच आधार उरलाय. कोरीनसाठी एक मत तरी मोजलं गेलं. लाज त्याच्या बदल्यात.

१५ नोव्हेंबर, बुधवार

जेवण झालं, पत्ते मांडले. गुणांचं पाकीट भरलं होतं, लिहायला जागा नव्हती. महिनाभर तेच पुरवलं एमिलनं, १९ ऑक्टोबरपासूनचे सगळे डाव. मागे कोरं आहे का बघायला मी उलटं केलं. पिवळं ते होतंच, माझंच लक्ष नव्हतं. पण वर छापलंय — अधिकृत मतपत्रिका.

माझं आतलं पाकीट. टॉवेलांतलं.

म्हणजे नागडी गेली. बाजूला काढली. संपलं.

पाकीट त्याच्यापुढे धरलं. मग एवढंच विचारलं, सांगितलं का नाहीस? मी बंबखान्यात जाऊन पुन्हा दिलं असतं.

"तू मला सांगितलं होतंस?" एमिल म्हणाला.

मग मी विचारलं, माझं बाद झालंय हे माहीत होतं, तर तू का नाही दिलंस? पेन पुढे केलं होतं तिनं. तुझं तर अख्खं शिल्लक होतं.

तो पत्ते पिसत होता. वर बघितलं नाही.

"आपलं ठरलं होतं ना."

मग त्यानं पत्ते वाटले.