गुरुवारची शिवण

४ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा पाय आता बरा आहे, पण पडल्यापासून मी जरा नजरेआड झाले की हाका सुरू. कपडे वाळत घालायला गच्चीवर गेले तरी जिन्याखालून हाक येते.

एक गंमत सांगते. हल्ली गुरुवारी दुपारी मी चर्चच्या हॉलमध्ये शिवायला जाते. समुद्रापलीकडे पुरात सगळं वाहून गेलेल्या मुलांसाठी आम्ही फ्रॉक आणि चड्ड्या शिवतो. तेवढा वेळ शेजारच्या काकू बाबांजवळ बसतात. बाबांना वाटतं, मी देवाचं काम करतेय. खरं सांगू? मशीनच्या खडखडाटात दुसरं काही ऐकूच येत नाही, म्हणून जाते. प्रत्येक फ्रॉकला मी खिसा लावते. हा वर्ग चालवणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी हसून परवानगी दिलीय.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझी,
धाकटी

१९ जून

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

खिशांचं वाचून हसले. तुझे भावोजी म्हणतात, आमच्याही सदऱ्याला एक जास्तीचा लाव.

एक काम मी परस्पर उरकलंय. बाबांना वेगळं पत्र टाकलंय की तुम्हीही हिच्याबरोबर जात जा. जन्मभर शिंपीकाम केलेल्या माणसाने घरात नुसतं का बसायचं? त्यांचा वेळ जाईल आणि तुझा जीवही घरात अडकून राहणार नाही. आता माझे आभार मान.

तब्येतीला जप, आणि मोठं पत्र लिही.

तुझी,
ताई

१० जुलै

ती. ताईस सा. न. वि. वि.

बाबा येतात. त्यांची खुर्ची माझ्या मशीनला लागूनच असते. माझी शिवण उसवतात आणि पुन्हा घालायला लावतात. खिसे बंद झाले, कापड वाया जातं म्हणे. सगळ्याजणी त्यांच्यावर खूश आहेत. खोटं कशाला बोलू, ते कापतात सुंदर. त्यामुळे कुणापाशी कुरकुरायचीही सोय नाही.

आता मुद्द्याचं. कपड्यांबरोबर दोघीजणी तिकडे जाणार आहेत, तिथल्या आयांना तीन महिने शिवण शिकवायला. बाईंनी माझं नाव घेतलं. मी तोंड उघडायच्या आत बाबा हसत म्हणाले, "ती गेली तर मला उठवायचं कोणी?" सगळ्या हसल्या. मीही हसले.

ताई, तेवढे तीन महिने बाबांना तुझ्याकडे नेशील? आजवर मी तुझ्याकडे काही मागितलेलं नाही.

उत्तराची वाट पाहते.

धाकटी

२२ जुलै

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून जीव गलबलला. पण दोन खोल्यांचं घर, त्यात तीन जिने चढायचे, त्यात पोराची परीक्षा. भावोजींचा स्वभाव तुला ठाऊक आहे, म्हणून त्यांच्याकडे विषयच काढला नाही. शिवाय बाबांना तुझ्या हाताची सवय झालीय. पुढच्या वर्षी नक्की काहीतरी बघू. सोबत फुलाफुलांचं कापड पाठवतेय, त्या मुलींसाठी.

मनात काही ठेवू नकोस.

तुझी,
ताई

३० ऑगस्ट

ती. ताईस सा. न. वि. वि.

कापड मिळालं. चार फ्रॉक निघाले. खोकी बोटीने रवाना झाली.

माझ्याऐवजी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याची सून गेली. तिला काजं करता येत नव्हती, ती बाबांनी शिकवली. तिने सुई मोडली, धागा गुंतवला, पण त्यांचा आवाज चढला नाही. घरी आल्यावर मला म्हणाले, "पोरीच्या हातात कला आहे." मी भाजी चिरत होते, चिरत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना सांगितलं की माझे डोळे दुखतात, मी आता येणार नाही, बाबांना मात्र तुमच्या गाडीतून नेत जा. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि बरं म्हणाल्या.

आता गुरुवारी बाबा जातात आणि मी घरी असते. शिवणकामाची फार आठवण येते. पहिल्या गुरुवारी दार लावलं आणि मधल्या खोलीत नुसती उभी राहिले. काय करावं सुचेना. शेवटी भर दुपारी जमिनीवर हातपाय पसरून आडवी झाले आणि छताकडे बघत राहिले. किती वेळ गेला कोण जाणे. फाटकाशी गाडी थांबली. मी उठले, केस सारखे केले आणि दार उघडलं.

भावोजींना नमस्कार. माया असू दे.

तुझी,
धाकटी